शेवटचा अंतरा कोणी कापला?

सध्या 'स्वतंत्र संगीत' या शब्दाचा मोठा बोलबाला आहे. इंग्रजी वृत्तपत्रांच्या पुरवण्या पाहा, मोबाईलवरची गाण्यांची ॲप पाहा, महानगरांतले संगीत महोत्सव पाहा. सगळीकडे एकच सूर ऐकू येतो: सिनेमाच्या बाहेर, मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, स्वतःच्या बळावर गाणारा नवा कलावंत जन्माला आला आहे, त्याला शोधा, त्याला ऐका, त्याचा आनंद घ्या. चांगली गोष्ट आहे. आमचा या आवाहनाला विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, सिनेमाच्या बाहेर, कंपनीच्या बाहेर, सरकारी आकाशवाणीच्या बाहेर, स्वतःची पेटी, स्वतःची ढोलकी आणि स्वतःचे शब्द घेऊन गावोगाव गाणारा माणूस या देशात पहिल्यांदाच जन्माला आला आहे काय? तसे नसेल, तर मग आमच्या शाहिरांना, जलसाकारांना आणि कव्वालांना या नव्या इतिहासात जागा का नाही?

हा प्रश्न केवळ मानापमानाचा नाही. तो पोटाचा आहे, हक्काचा आहे आणि नावाचाही आहे. म्हणून त्याची मांडणी शांतपणे करणे आवश्यक आहे.

स्वतंत्र संगीत म्हणजे काय?

ज्या गाण्याचा मालक भांडवलदार नाही, ज्या गाण्याला गाण्यापूर्वी कोणाची परवानगी लागत नाही आणि जे गाणे आपला श्रोता आपणच मिळवते, ते स्वतंत्र संगीत. ही व्याख्या मान्य असेल तर महाराष्ट्रातील स्वतंत्र संगीताचा इतिहास इंटरनेटपासून सुरू होत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्या चळवळीतून पुढे सत्यशोधकी जलसे उभे राहिले. तमाशाचा ढाचा घेतला आणि त्यातली गणगौळण बाजूला सारून तिथे भटशाहीची चिरफाड आणली. हीच परंपरा पुढे आंबेडकरी जलशांनी उचलली. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात जलसा काढला आणि अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत बाबासाहेबांचा विचार गाण्यातून पोहोचवला. कर्डकांच्या एका जलशाचे मोल बाबासाहेब आपल्या अनेक सभांच्या बरोबरीने मानत, असे चळवळीत आजही सांगितले जाते.

त्यानंतर आले वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातील देशवंडीला १९२२ साली जन्मलेला हा माणूस पोट भरण्यासाठी मुंबईत आला. शाळा नशिबी नव्हती. तरुणपणी अक्षरओळख झाली ती मुंबईत, आणि पुढे दुकानांच्या पाट्या वाचत वाचत हा माणूस वाचायला शिकला. १९४३ साली त्याने पहिले गाणे लिहिले आणि २००४ मध्ये डोळे मिटेपर्यंत हजारो गाणी लिहिली. कोणत्या कंपनीने त्यांना करारबद्ध केले होते? कोणत्या महोत्सवाने त्यांना मंच दिला? त्यांचा मंच म्हणजे वस्तीतला चौक, त्यांची जाहिरात म्हणजे एकाने दुसऱ्याला दिलेला सांगावा आणि त्यांची कमाई म्हणजे लोकांनी दिलेली बिदागी. याहून स्वतंत्र संगीत ते कोणते असते?

प्रस्थापितांच्या माध्यमांनी त्या काळी या संगीताशी कसा व्यवहार केला, याचे एकच उदाहरण पुरे आहे. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीतून गमक निघत नाही, ती भारतीय संगीताला योग्य नाही, असा युक्तिवाद होता. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. आता विचार करा, कव्वालाचे, शाहिराचे, जलसाकाराचे मुख्य वाद्य कोणते? पेटीच! म्हणजे ज्या तीन दशकांत आंबेडकरी गाणे महाराष्ट्राच्या वस्त्यावस्त्यांत बहरत होते, त्याच तीन दशकांत देशाच्या रेडिओवर त्या गाण्याचे वाद्य अस्पृश्य होते. ही बंदी आमच्याचसाठी घातली होती असे आम्ही म्हणत नाही. पण 'शुद्ध' संगीताची व्याख्या करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आमचा माणूस नव्हता, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते.

कॅसेटने दिले आणि घेतलेही

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि परिस्थिती पालटली. तोपर्यंत ध्वनिमुद्रिका काढणे ही एखाददुसऱ्या बड्या कंपनीची मक्तेदारी होती. कॅसेटने ती मोडली. छोट्या गुंतवणुकीत गाणे मुद्रित होऊ लागले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ठेले लागले. खेड्यातला माणूस परतताना एका हातात बाबासाहेबांचा ग्रंथ आणि दुसऱ्या हातात भीमगीतांची कॅसेट घेऊन जाऊ लागला. आमच्यापैकी अनेकांनी पहिली गाणी ऐकली ती शेजाऱ्याच्या टेपरेकॉर्डरवर, भिंतीला कान लावून. संगीताचा 'शोध' म्हणतात तो आम्हाला असा लागला.

प्रल्हाद शिंदे यांचा आवाज याच काळात घराघरांत गेला. त्यांनी भीमगीते गायली, कव्वाल्या गायल्या, लोकगीते गायली. पण बाजाराने त्यांच्या कोणत्या गाण्यांना अधिक डोक्यावर घेतले? विठ्ठलाच्या आणि गणपतीच्या! ज्या वाड्यांत या गायकाला एकेकाळी अंगणातही उभे केले नसते, त्या वाड्यांत पहाटे त्याच्याच आवाजाने देव उठू लागला. त्याची भीमगीते मात्र वस्तीची वेस ओलांडून फारशी पुढे गेली नाहीत. आवाज हवा, पण त्या आवाजाचे म्हणणे नको, ही बाजाराची जुनी रीत आहे. २००४ च्या मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. सहा आठवड्यांच्या आत एका युगाचे शब्द आणि आवाज दोन्ही हरपले. राज्याच्या प्रमुख माध्यमांनी या घटनेला किती जागा दिली, हे आमच्या वाचकांना आठवत असेल.

कॅसेटच्या धंद्यात आमच्या कलावंताला मिळाले काय? एकरकमी पैसे. गाणे मुद्रित झाले की हातावर रक्कम ठेवायची, कोऱ्या कागदावर सही घ्यायची आणि निरोप द्यायचा, असे त्या पिढीचे अनेक कलावंत सांगत. पुढे त्या गाण्याच्या किती प्रती खपल्या, याचा हिशेब विचारण्याची सोय नव्हती.

मोबाईलवरची नवी वेस

आता काळ बदलला आहे. कॅसेट गेली, सीडी गेली. गाणे मोबाईलवर आले. कोणीही गावे, कोणीही चढवावे, कोणीही ऐकावे. यात मोठी शक्ती आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांचेच उदाहरण घ्या. हाती एकतारी, वडिलांकडून मिळालेले गाणे आणि खडा आवाज. कोणत्याही कंपनीने त्यांना घडवले नाही. कोणीतरी मोबाईलवर चित्रीकरण केले आणि तो आवाज महाराष्ट्रभर पसरला. दहा वर्षे आधी हे शक्य झाले नसते.

पण वेस मोडली असे समजणाऱ्यांनी थोडे थांबावे. जुनी वेस मोडली, नवी उभी राहिली. ती दिसत नाही, एवढाच फरक.

गाणी ऐकवणाऱ्या ॲपचा व्यवहार कसा चालतो, ते समजून घेऊ. स्पॉटिफायसारखी कंपनी आपल्या उत्पन्नाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हक्कधारकांना देते. पण तो वाटते कसा? समजा, तुम्ही महिन्याचे पैसे भरले आणि महिनाभर फक्त कडूबाईंना ऐकले. तुमचे पैसे कडूबाईंना गेले काय? नाही. सर्व श्रोत्यांचे पैसे एका मोठ्या रांजणात पडतात आणि एकूण ऐकल्या गेलेल्या गाण्यांत ज्याचा वाटा जेवढा, तेवढे त्याला मिळतात. म्हणजे तुमच्या पैशाचा सिंहाचा वाटा, तुम्ही कधीही न ऐकलेल्या बड्या गायकाकडे जातो. त्यात २०२४ च्या आरंभापासून एक नवी अट आली. मागील बारा महिन्यांत एखादे गाणे किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल, तर त्या गाण्याला छदामही मिळणार नाही. त्याच्या वाट्याचे पैसे पुन्हा त्याच रांजणात, म्हणजे इतरांच्या ताटात! यूट्युबवरही जाहिरातीच्या उत्पन्नात पूर्ण वाटा हवा असेल तर १,००० वर्गणीदार आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले गेल्याची अट आहे, किंवा छोट्या चित्रफितींसाठी तशीच दुसरी मोठी अट आहे. ज्याच्याकडे आधीच गर्दी आहे त्याला दार उघडे, ज्याला गर्दी जमवायची आहे त्याला दार बंद. आणि ज्या टिकटॉकवर खेड्यापाड्यांतल्या आमच्या पोरापोरींनी गर्दी जमवली होती, ते तर २९ जून २०२० रोजी एका रात्रीत बंद झाले. एका कंपनीच्या अंगणात घर बांधले की असे होते.

'शोधा' म्हणणाऱ्या ॲपची शिफारसही पारखून घ्यावी लागते. तुम्ही जे ऐकले आहे त्यासारखेच आणि गर्दी जे ऐकते आहे तेच ते पुढे ढकलते. देशवंडीच्या कवीपर्यंत ते आपणहून पोहोचवत नाही. तुम्हाला नाव ठाऊक असेल, तुम्ही ते लिहून शोधले, तरच ते सापडते. आणि नाव तरी सापडते काय? अनेक भीमगीतांच्या खाली गीतकाराचा रकानाच कोरा असतो. गायकाच्या जागी गाणे चढवणाऱ्या दुकानदाराचे नाव असते.

नाव कापण्याचा धंदा

इथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. वामनदादांच्या गाण्यांत शेवटच्या अंतऱ्यात 'वामन' हे नाव येते. संतांच्या अभंगात जशी नाममुद्रा असते तशी. कबीराच्या पदात कबीर असतो, तुकारामाच्या अभंगात 'तुका म्हणे' असते. ही नुसती शैली नव्हे. ज्याच्याकडे छापखाना नाही, वकील नाही, नोंदणी कार्यालय नाही, त्याने आपल्या निर्मितीवर केलेली ही सही आहे. जोवर गाणे गायले जाईल, तोवर त्याच्या पोटात कवीचे नाव जाईल. गरिबाचा हा कॉपीराइट आहे, आणि शेकडो वर्षे तो चालला.

आता जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर जे वाजते ते नीट ऐका. धृपद आहे, पहिला अंतरा आहे, मग ठोके वाढतात, पुन्हा धृपद येते, पुन्हा ठोके, आणि पुढचे गाणे सुरू होते. शेवटचा अंतरा कोठे गेला? तो कापला! आणि त्याबरोबर कवीचे नावही कापले गेले. कापणारा कोणी शत्रू नसतो. आपलाच पोरगा असतो, संगणकावर बसलेला, बाबासाहेबांवर जीव टाकणारा. त्याला कोणी सांगितलेलेच नाही की तू जो तुकडा कापून टाकतो आहेस, तो एका माणसाच्या आयुष्याची सही आहे.

कायदा याबाबत काय सांगतो? लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे कॉपीराइट चालतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ सालाच्या अखेरपर्यंत अबाधित आहे. कलम ५७ सांगते की, हक्क विकला तरी लेखक म्हणून नाव लावून घेण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखी हवा, आणि त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षांची धरली जाते. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी लिहिलेल्या गीताच्या पुढील वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराला समान वाटा मिळाला पाहिजे आणि हा हक्क त्याच्याकडून सही घेऊनही काढून घेता येणार नाही, अशी तरतूद तीत आहे. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस आणि गायकांसाठी इसामरा या संस्था आहेत. हे सारे कागदावर आहे. मात्र आमच्या किती शाहिरांच्या घरी हा कागद पोहोचला आहे? संविधानाने दिलेले हक्क मिळवण्यासाठी आम्ही रस्त्यावर उतरतो, पण आमच्या कवीच्या विधवेला तिच्या हक्काचा अर्ज कोण भरून देणार?

तामिळनाडूचा धडा

नवे तंत्र आणि जुनी जात यांचा मेळ कसा बसतो, ते पाहायचे असेल तर तामिळनाडूकडे पाहावे. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने तेन्मा यांच्यासोबत तिथे 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा संगीतसमूह उभा राहिला आणि जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. पंडित अयोथी दास यांनी वापरलेल्या 'जातिभेद नसलेले तमिळ' या शब्दप्रयोगावरून हे नाव आले. वस्तीतले गाना संगीत, मृत्यूच्या वेळी वाजवायचे म्हणून अशुभ ठरवलेले पराई वाद्य आणि जोडीला रॅप व रॉक, असे हे अस्सल रसायन. त्यातूनच अरिवू हा कवी-गायक देशाला माहीत झाला.

मार्च २०२१ मध्ये अरिवू आणि गायिका धी यांचे 'एंजॉय एंजामी' आले. संगीत संतोष नारायणन यांचे. अरिवूच्या आजीच्या, श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून परतलेल्या भूमिहीन माणसांच्या आठवणी त्या गाण्यात आहेत. कोट्यवधी लोकांनी ते ऐकले. पण ऑगस्ट २०२१ मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया' या मासिकाने आपल्या मुखपृष्ठावर या गाण्याचा गौरव केला, तेव्हा त्यावर अरिवूच नव्हता! पा. रंजित यांनी जाहीर निषेध केला, गदारोळ झाला, तेव्हा कुठे मासिकाने अरिवूचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढले. पुढे मार्च २०२४ मध्ये खुद्द संगीतकाराने जाहीरपणे सांगितले की, या गाण्यातून आम्हा कलावंतांना आजवर काहीही उत्पन्न मिळालेले नाही. संबंधित कंपनीने आपली बाजू वेगळी मांडली. त्या वादाचा निवाडा करणे हे आमचे काम नाही. पण धडा स्वच्छ आहे. कोट्यवधी कानांपर्यंत पोहोचलेल्या 'स्वतंत्र' गाण्याच्या बाबतीत नाव आणि दाम या दोन्हींसाठी भांडावे लागते, तर गल्लीतल्या शाहिराचे काय?

आणि आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. मेलेल्या माणसाचा आवाज संगणक हुबेहूब काढू शकतो. ए. आर. रहमान यांनी जानेवारी २०२४ मध्ये दोन दिवंगत गायकांचे आवाज असे वापरले, मात्र त्यांच्या कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिले. अरिजित सिंग न्यायालयात जाऊ शकतात. उद्या प्रल्हाद शिंदे किंवा विठ्ठल उमप यांचा आवाज कोणी यंत्रात घालून, त्यांनी हयातीत कधीही गायला नसता असा मजकूर त्यांच्या तोंडी घातला, तर? हा धोका कल्पनेतला नाही. याचा विचार आजच करावा लागेल.

स्वातंत्र्याची किंमत

आमच्या स्वतंत्र संगीताला आणखी एक किंमत मोजावी लागते, जी महोत्सवातल्या कलावंताला सहसा मोजावी लागत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. ते पाहून शाहीर विलास घोगरे यांनी काही दिवसांतच आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट करताना चौदा वर्षे त्या गाण्याचा माग काढला. पुण्यात २००२ साली उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाच्या पोरांना गाण्यापायी भूमिगत व्हावे लागले, तुरुंग पाहावा लागला. शीतल साठे गरोदर असताना २०१३ मध्ये विधानभवनासमोर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाल्या. पंजाबात बंत सिंग या दलित शेतमजूर गायकाने मुलीवरील अत्याचाराविरुद्ध न्याय मिळवला, म्हणून जानेवारी २००६ मध्ये त्याच्यावर असा हल्ला झाला की दोन्ही हात आणि एक पाय गमवावा लागला. तरी तो गातच राहिला. हात गेले, गळा राहिला! स्वतंत्र संगीताची चर्चा या माणसांना वगळून करता येणार नाही.

आपलेही काही चुकते

दोष बाहेरच्यांनाच देऊन भागणार नाही. काही वर्षांपूर्वी एका जयंती मंडळाच्या बैठकीला आम्ही हजर होतो. डीजेसाठी लाखांत रक्कम ठरली, वाद झाला तो फक्त भिंतीच्या उंचीवरून. मग कोणीतरी एका वृद्ध शाहिराचे नाव काढले. सगळ्यांनी आदराने मान डोलावली. मानधनाचा विषय निघाला तेव्हा एक कार्यकर्ता म्हणाला, "बाबा तर आपलेच आहेत, ते कशाला पैसे मागतील?" बाबा आले, दोन तास गायले, पुष्पगुच्छ आणि शाल घेऊन शेवटच्या बसची वाट पाहत स्टँडवर बसले. आम्हीही त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो, हे आज कबूल केले पाहिजे. विदेशी बँड २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईत आला, तेव्हा अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटे मिळेनाशी झाली होती. तिकीट काढणाऱ्यांत आपली शिकलीसवरली पोरेही होती. त्यांना आम्ही दोष देत नाही. विदेशी गाणे ऐकणे हा गुन्हा नाही. पण कलेला दाम द्यायचा असतो, हे ज्याला तिथे कळते त्याला आपल्या चौकात का कळू नये? 'आपला माणूस' हा शब्द फुकट राबवून घेण्यासाठी वापरायचा नसतो. वेठबिगारीविरुद्ध लढलेल्या समाजाने आपल्या कलावंताला वेठीला धरावे, हे शोभत नाही.

दुसरी चूक अशी की, आम्ही आमचे गाणे केवळ प्रचार म्हणून ऐकतो, संगीत म्हणून ऐकत नाही. शब्दांत बाबासाहेबांचे नाव आले की टाळी, नाही आले की दुर्लक्ष. वामनदादांच्या चालींत गझल आहे, कव्वाली आहे, लोकगीताची लय आहे. संभाजी भगतांच्या पोवाड्यात शब्द कुठे थांबतो आणि डफ कुठे बोलतो, ते ऐकण्यासारखे आहे. विठ्ठल उमपांच्या आवाजात भारूडापासून कव्वालीपर्यंत अख्खा महाराष्ट्र होता, आणि २०१० साली त्यांनी शेवटचा श्वास घेतला तोही नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात. झीलकरी सूर कसा उचलून धरतो, हलगीची कडकड कुठे चढते, याचा आनंद घेण्यात चळवळीचे काही बिघडत नाही. खुद्द बाबासाहेबांना संगीताची ओढ होती. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. ५ डिसेंबर १९५६ च्या अखेरच्या रात्री ते बुद्धवंदना आणि कबीराचे पद गुणगुणत होते, असे त्यांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी नोंदवून ठेवले आहे. एवढ्या कामाच्या रगाड्यात ज्यांनी सुरांसाठी वेळ काढला, त्यांच्या अनुयायांना आनंदाची लाज का वाटावी?

आणि ऐकायला आज केवढे तरी आहे! जालंधरच्या गिन्नी माहीचे पंजाबी पॉप आहे. ओडिशाच्या कोरापूटचा सुमित समोस रॅपमधून जातीला प्रश्न विचारतो. अमरावतीचा विपीन तातड वऱ्हाडी बाजाने रॅप करतो. महादेव कोळी समाजातली माही जी आदिवासींच्या जंगलाविषयी गाते. शीतल साठे यांचा आवाज आहे, कडूबाईंची एकतारी आहे. भाषा कळली नाही तरी एकदा पराईचा ठोका ऐका. तो आपल्या हलगीचा सख्खा भाऊ आहे, हे सांगावे लागणार नाही.

मग करायचे काय?

घोषणा पुष्कळ झाल्या. आम्ही चार साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, जयंती मंडळांनी डीजेच्या खर्चातून ठरावीक हिस्सा शाहिराच्या मानधनासाठी काढून ठेवावा आणि ते मानधन कार्यक्रमापूर्वी पाकिटात नव्हे, बँकेत द्यावे. दुसरी, जो कोणी भीमगीत मोबाईलवर चढवेल, त्याने गीतकार, संगीतकार, गायक आणि वादक अशी चारही नावे लिहावीत. यासाठी पैसे लागत नाहीत, फक्त इमान लागते. तिसरी, समाजातील वकील आणि संगणक शिकलेल्या तरुणांनी वस्तीतल्या एका तरी शाहिराच्या घरी जाऊन त्याच्या गाण्यांची यादी करावी, जुन्या कॅसेट संगणकावर उतरवाव्यात, वह्यांची छायाचित्रे काढावीत आणि हक्काचे अर्ज भरून द्यावेत. ओल आणि वाळवी आमची वाट पाहत थांबलेल्या नाहीत. चौथी, कलावंताचे गाणे थेट त्याच्याकडून विकत घेण्याची सवय लावावी. बँडकॅम्पसारखी काही दुकाने इंटरनेटवर आहेत, जिथे डिजिटल गाण्याच्या किमतीतला पंधरा टक्क्यांच्या आसपासचा भाग आणि पैसे पाठवण्याचा खर्च वगळता बाकी रक्कम कलावंताकडे जाते. तेही जमत नसेल, तर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जो शाहीर आपल्या गाण्यांची पुस्तिका घेऊन बसलेला दिसेल, ती घासाघीस न करता विकत घ्यावी.

आणि येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीत गाणे लागेल, तेव्हा संगणकावर बसलेल्या आपल्या पोराजवळ जाऊन एवढेच सांगावे: बाळा, गाणे पूर्ण वाजव. शेवटचा अंतरा कापू नकोस. त्यात लिहिणाऱ्याचे नाव आहे.

जय भीम!